दाताखालचा दाणा

सोयाबीनच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या की मला अजून एका ऑक्टोबरची धास्ती आठवते. खरं तर सुगीचे दिवस. किल्लारीत या दिवसांत माणूस घरी सापडत नाही. मजूर मिळत नाहीत, मळणीचा हडंबा मिळत नाही, मिळाला तर ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही. आणि जो तो आभाळाकडं बघून बोटं मोडतो, कारण काढलेल्या ढिगावर एक सर आली की वर्षाची माती. या गडबडीत यंदा मी घरी आहे, पंधरा दिवसांच्या रजेवर. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन पसरलंय, हडंब्याचा बारीक भुसा केसात, कानात, चहाच्या कपातसुद्धा. आई म्हणते, "इंग्लंडवरून आलीस आन् आल्या आल्या भूत झालीस." मी हसते.

तो ऑक्टोबर दोन वर्षांपूर्वीचा.

तिकडं इंग्लंडात हा महिना पानगळीचा. आमच्या विद्यापीठाच्या गावात रस्त्याच्या कडेला ओल्या पानांचा लगदा व्हायचा आणि त्यावरून पाय घसरायचा. कंपन्याही याच महिन्यात नव्या पोरांसाठी दारं उघडतात. मी नांदेडला फूड टेक्नॉलॉजी केलं, मग तिकडं जाऊन एम.एस्सी. केलं. त्यानंतर राहून काम करायला दोन वर्षांचा परवाना मिळाला होता. त्यातलं दीड वर्ष सँडविचच्या कारखान्यात ब्रेडच्या दोन कापांमध्ये काकडी ठेवण्यात गेलं. हो, काकडी. चार चकत्या, एकीवर एक चढता कामा नये. एम.एस्सी. झालेली बाई मी! परवाना मार्चात संपणार होता. त्याआधी माझ्या शिक्षणाचं काम देणारी आणि पुढच्या परवान्यासाठी माझ्यामागं उभी राहणारी एक कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर बॅग भरायची.

परत येण्यात कमीपणा नव्हता. किल्लारी काही काळं पाणी नाही. पण जाताना मी आप्पांना सांगून गेले होते, "धान्य तपासायचं काम शिकून, करून येते." काकडीचं नव्हतं सांगितलं. आणि मी हट्टी आहे, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. सहा महिने उरलेत ना, मग सहा महिने लढायचं, एवढंच ठरवलं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमची सहा एकर जमीन. पण सुगीच्या दोन-तीन महिन्यांत आप्पा लातूरच्या बाजारात एका आडतीवर जातात, माल बघायला. सकाळी किल्लारीवरून जीपनं निघायचं, जीपमध्ये चौदा माणसं आणि टपावर पोती. लातूरच्या त्या सौद्यात सगळा ढीग ओतून दाखवत नाहीत. मालाचा नमुना कापडात बांधून ठेवतात, त्याला पोटली म्हणतात. व्यापारी पोटली सोडतो, दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो आणि भाव बोलतो. म्हणजे सगळा भरवसा पोटली काढणाऱ्यावर. त्यानं पोत्याच्या तोंडातले चांगले दाणे काढले तर घेणारा फसला, खालचे खराब काढले तर शेतकरी बुडाला. आप्पा लोखंडी नळी तीन जागी खुपसतात, वर, मधे आणि बुडाला. मग एक दाणा उचलून दाताखाली धरतात. कट्ट वाजला तर वाळलेला. दबला, चपटा झाला तर ओला. यंत्रं आता तिथंही आलीत, पण यंत्राच्या आधी आप्पांचं तोंड बोलतं आणि मग यंत्राचा आकडा येतो.

पाचवीपासून दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. हमालांच्या आरडाओरड्यात पोत्याच्या थप्पीवर बसून राहायची. आप्पा माझ्या हातावर दाणा ठेवायचे. "सांग."

मी चावून बघायची. "वाळलाय."

"न्हाई माय, वल्ला हाय. परत चाव."

चुकलं तर आप्पा कधी रागवले नाहीत. पण मी खांदे उडवून गप्प बसले की त्यांचं तोंड बदलायचं. "चूक सांग, पर सांग. गप बसनाऱ्याचं हितं काम न्हाई." बारावीपर्यंत सात-आठ सुग्या अशा गेल्या. नंतर नांदेडला होस्टेलवर गेले, फुलपँट घालायला लागले, आणि पोत्याच्या थप्पीवर बसणं मला शोभेनासं झालं.

नांदेडला भेटले सलीमभाई. स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं नेट सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीवर मागच्या पाच वर्षांची कॅलेंडरं. उमरीपासून हिमायतनगरपर्यंतच्या पोरापोरींचे फॉर्म या माणसानं भरलेत. जातपडताळणी, स्कॉलरशिप, पोलीस भरती, पासपोर्ट. त्यांचे नियम दोनच. "बेटा, एक बी खाना रिकामा सोडायचा न्हाई. रिकामा खाना बघितला की साहबको शक येतो." हा पहिला. दुसरा नियम, "ज्याला सर्टिफिकेट न्हाई ते लिहायचं न्हाई." माझा पहिला बायोडाटा त्यांनीच केला. वर उजव्या कोपऱ्यात निळ्या पडद्यासमोरचा फोटो. खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, विवाहित की अविवाहित, छंद वाचन. सगळ्यात शेवटी, वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, सही. सोबत प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये सगळ्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती. ती फाईल मी छातीशी धरून विमानात बसले होते. सामानात टाकली नाही, हरवली तर मी कोण हे सांगणार कसं?

विद्यापीठात नोकरीचा सल्ला देणारा एक कक्ष होता. शिकून गेलेल्यांनाही तिथं जाता यायचं. त्या ऑक्टोबरात मी तिथल्या बाईंसमोर माझा बायोडाटा ठेवला. तो तोच होता, फक्त इंग्रजीत. बाई वयस्कर, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी पेन उघडलं आणि फोटोवर काट मारली. मग वडिलांच्या नावावर, जन्मतारखेवर, धर्मावर, अविवाहितवर. 'वरील माहिती खरी आहे' वर तर त्या थांबल्या आणि मला विचारलं, "खोटी असती तर तू इथे काय लिहिलं असतंस?" मला हसू आलं आणि रागही आला. पाच मिनिटांत माझ्या दोन पानांचं अर्धं पान उरलं. त्या अर्ध्या पानावर नुसते मार्क.

"तू काय काय केलंयस?" बाईंनी विचारलं.

मी मार्क सांगितले.

"ते दिसतंय. तू काय केलंयस? सुट्टीत काय करायचीस?"

"काही नाही. वडिलांबरोबर धान्यबाजारात जायची."

"तिथे काय करायचीस?"

"काही नाही. बसायची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हे लिही." मी म्हटलं, त्याचं सर्टिफिकेट नाही. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते. शिवाय खरं सांगायचं तर मला लाजही वाटत होती. गोऱ्या साहेबांपुढं काय लिहायचं, की मी पोत्यांवर बसून दाणे चघळायची? मी ते लिहिलं नाही.

अर्ज करतच होते. सकाळी सहा ते दोन काकडी, तिथून वाचनालय. नकार यायचे ते फार गोड असायचे. 'तुमच्या अर्जानं आम्ही प्रभावित झालो, परंतु या वेळी'. एवढ्या गोड बोलीत आमच्याकडं फक्त पोरगी नाकारतात. पन्नास झाले, साठ झाले. नकार आला की मी मोबाईल पालथा घालायची, चहा करायची, चहा पिऊन होईपर्यंत रडायची मुभा आणि मग पुढचा अर्ज. चहा मी मुद्दाम मोठ्या मगात करायची.

मग एक बोलावणं आलं. लहानशी गिरणी होती, वाटाणे आणि इतर कडधान्यांचं पीठ करणारी. घराण्याचा धंदा, मालकीण हेलन नावाची पन्नाशीची बाई. कंपनी लहान, पण परदेशी माणूस ठेवायचा परवाना त्यांच्याकडं होता. एक रेल्वे, एक बस आणि वीस मिनिटं चालणं, एवढं करून मी पोचले. पांढरा डगला, डोक्यावर जाळी. प्रयोगशाळेत टेबलावर चार ट्रे, चारीत वाळलेले वाटाणे, प्रत्येकावर चिठ्ठी: कुठला माल, ओलावा किती. बघायचं आणि काय काय दोष दिसतात ते लिहायचं. हेलनबाई आणि अजून एक साहेब मागं उभे.

तिसऱ्या ट्रेशी मी थांबले. चिठ्ठीवर ओलावा योग्य लिहिला होता, पण दाण्याचा रंग मला पटेना. हात गेला, दाणा उचलला आणि तोंडात टाकला. दाताखाली धरला.

"अगंबाई, नको!" हेलनबाई ओरडल्या, अर्थात इंग्रजीत.

प्रयोगशाळेत कुठलीही वस्तू तोंडात घालायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. त्यावर औषध असेल, बुरशी असेल, काहीही असेल. हा धडा मला पाठ होता. स्वच्छतेच्या पेपरात वर्गात पहिली होते मी! आणि मुलाखतीत, दोघांदेखत, मी दाणा चावत उभी. दाणा मी कागदी रुमालात थुंकला तेव्हा माझे कान इतके तापले होते की जाळीसुद्धा गरम लागत होती. पुढची वीस मिनिटं मी काय लिहिलं मला आठवत नाही. एवढं आठवतं, की दाणा दबला होता. ओला होता. आणि ते मी सांगितलं नाही.

आठवड्यात नकार आला. हा गोडही नव्हता, दोन ओळींचा होता.

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, मी सकाळीच आप्पांना फोन लावला. लातूरला दुपार, बाजार भरलेला. मागं हमालांचा गलका, कुणीतरी भाव पुकारत होतं. मी चहाची वाट न बघता रडले. सगळं सांगितलं, दाणा तोंडात टाकल्याचंसुद्धा.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दाना कसा व्हता?"

मला इतका राग आला! "आप्पा, नोकरी गेली माझी, आन् तुमी दाण्याचं काय विचारायलाव?"

"इचारायलो तेवढं सांग की. कसा व्हता?"

"वल्ला व्हता. दबला. चिठ्ठीवर वाळलेला लिव्हलाय, पर वल्ला व्हता."

"मंग त्येनला सांगितलीस का?"

"न्हाई."

"का?"

"लाज वाटली."

आप्पा बाजूला कुठंतरी गेले असावेत, कारण मागचा गलका कमी झाला. "हे बघ माय. वरचा दाना वाळलेला आसंल, आतला वल्ला. त्येनी आकडा वरच्या जाग्याचा लिव्हला आसंल, तुझ्या दाताखाली आला त्यो आतला. त्यो माल कोठीत पडला तर तापंल, बुरशी धरंल. लोकांच्या पोटात जायचं हाय त्ये. माल वल्ला हाय म्हनून कळलं आन् तू गप बसलीस? नोकरी देवोत न्हाई तर न देवोत, सांगून टाक त्येनला."

"आता? नकार आल्यावर?"

"हाव. आताच."

असा माणूस. मला वाटलं होतं, म्हणतील, जाऊ दे, ये घरी. त्यांनी मला कामाला लावलं.

मी वाचनालयात बसून हेलनबाईंना पत्र लिहायला घेतलं. पहिला खर्डा 'आदरणीय महोदया' पासून सुरू झाला आणि तीन परिच्छेद नुसती माफी. तो पुसला. दुसऱ्यात माझे मार्क आले. तोही पुसला. तिसऱ्यात फक्त झालं ते लिहिलं. दाणा तोंडात घालणं चूक होती, नियम मला माहीत होता. पण माझे वडील लातूरच्या बाजारात नमुने काढतात, मी लहानपणी त्यांच्याजवळ हे काम शिकले आणि सवयीनं हात गेला. तिसऱ्या ट्रेमधला माल चिठ्ठीवर आहे त्यापेक्षा ओला वाटला. चिठ्ठीवरचा आकडा एकाच जागेच्या नमुन्याचा असेल तर कृपया वर, मधे, खाली असा पुन्हा घेऊन बघा. मी हे तिथंच बोलायला हवं होतं, बोलले नाही, ही माझी दुसरी चूक. नोकरीबद्दल एक शब्द लिहिला नाही. पाठवलं आणि मोबाईल पालथा घातला.

उत्तर आलं नाही. नोव्हेंबर गेला. उत्तर न येणं सोसायला कठीण, पण एक गोष्ट झाली. ते पत्र लिहिताना मला कळलं की मला लिहिता येतं. त्याच संध्याकाळी मी अर्ध्या पानाच्या बायोडाटावर सगळ्यात वर लिहिलं: लातूर धान्यबाजार, सात सुग्या, नमुना काढणे आणि ओलावा पारखणे, वडिलांच्या हाताखाली. सर्टिफिकेट नाही ते नाही! नंतरच्या अर्जांना दोन बोलावणी आली. दोन्हीकडं लोक त्याच ओळीबद्दल विचारत बसले. दोन्हीकडं नोकरी काही मिळाली नाही, पण मी बोलताना खाली बघत नव्हते. डिसेंबर गेला. मी खोलीतल्या भिंतीवर कॅलेंडरातलं मार्चचं पान आधीच लावून ठेवलं होतं, डोळ्यासमोर असावं म्हणून.

जानेवारीत हेलनबाईंचं पत्र आलं. त्यांनी माझं पत्र त्या वेळी वाचून कोठीवाल्याकडं पाठवलं होतं. त्यानं तीन जागी नमुने घेतले. एका बाजूचा माल ओला निघाला आणि तापायलाही लागला होता. वेळेत बाहेर काढला. उत्तर द्यायला उशीर झाला, माफ कर. एक जागा पुन्हा रिकामी झालीय, येशील का?

गेले. या वेळी हात पाठीमागं बांधूनच उभी होते. हेलनबाईंना हसू आवरेना. फॉर्म दिला, त्यात शेवटी दोन नावं मागितली होती, तुमचं काम ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय अशी. एक प्राध्यापकांचं लिहिलं. दुसऱ्या रकान्याशी पेन अडलं. सलीमभाई असते तर म्हणाले असते, तहसीलदार लिही. मी आप्पांचं नाव लिहिलं. नातं, वडील. खाली ओळ, हे काम मला यांनी शिकवलं.

हेलनबाई म्हणाल्या, "नातेवाइकाचं मत आम्ही धरत नाही. पण मला यांच्याशी बोलायचंय. तू मधे बोलायचं नाही."

आप्पांना इंग्रजी येत नाही. दुभाषा कोण? मला एकच माणूस सुचला. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून लातूरवरून एसटीनं नांदेडला गेले. मी म्हटलं, सलीमभाई फोनवर जोडतील, जायची काय गरज? तर म्हणाले, "फोनवर मानूस दिसत न्हाई." दोघं कॉम्प्युटरसमोर बसले, झेरॉक्स मशीनच्या बाजूला. काय बोलणं झालं, मला कुणी सांगितलं नाही. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई. इचारलं त्ये सांगितलं."

फेब्रुवारीत नेमणुकीचं पत्र आलं. मार्च संपायच्या आत नवा परवाना. भिंतीवरचं पान मी फाडलं नाही, घडी करून त्या प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवलं.

आता यंदाची सुगी. परवा रविवारी मी नांदेडला सलीमभाईंच्या सेंटरवर गेले होते. परदेशी जाणारी पाच-सहा पोरं त्यांनी गोळा केली होती, बायोडाटा बघायला. हिमायतनगरची ऋतुजा पहिली बसली. जानेवारीत आयर्लंडला निघालीय, तिथं शिकता शिकता काम शोधायचंय. कोपऱ्यात निळ्या पडद्यासमोरचा फोटो, खाली छंद वाचन. मी पेन उघडलं आणि मला त्या चष्म्याच्या दोरीवाल्या बाई आठवल्या.

"सुट्टीत काय करतीस?"

"काय न्हाई ताई. घरची हळद ऱ्हाती. शिजवायची, वाळवायची."

"कोण शिजवतं?"

"मीच बघते. शेतातल्या मोठ्या कुकरमधल्या हळदीला काडी टोचून बघायची, झाली का न्हाई ते. पहिल्या वर्षी एक कुकर जास्ती शिजवला मी, समदा रंग गेला. लई शिव्या खाल्ल्या. तवापासून न्हाई बिघडली." मग म्हणाली, "पर त्येला सर्टिफिकेट न्हाई ना."

सलीमभाई मागं उभे होते. घसा साफ करून म्हणाले, "बेटा, तो नियम आता बंद झाला." आणि माझ्याकडं वळले. "तुला तुझ्या आप्पानं सांगितलं का, त्या बाईनं आखिरीला काय विचारलं ते?"

"नाही."

"विचारलं, तुमची मुलगी चुका करते का? मी घाबरलो. मी आप्पाला हळूच बोललो, मैं 'नहीं' बोल देता हूँ, चुका करत न्हाई म्हणून. आप्पा म्हणाले, सलीमभाई, मी बोलतो तसंच सांगा तिला. करती. लई चुका करती. पर झाकत न्हाई."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"जसंच्या तसं. एक लफ्ज बदलला न्हाई."

ऋतुजा माझ्याकडं बघत होती, पेन हातात धरून. मी डोळे पुसले आणि तिचा कागद तिच्यापुढं सरकवला.

"हळद लिही," मी म्हटलं. "आन् पहिल्या वर्षी रंग घालवलीस, त्ये बी लिही."